वाहनांना सावली, माणसांना ऊन : कोल्हापुरातील एका सौर टर्फचे परीक्षण

कोल्हापूरच्या दक्षिणेकडील उपनगरात, पूर्वी रिकाम्या पडलेल्या एका भूखंडावर, तासाच्या भाड्याने मिळणारे एक टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचे मैदान, सुरू झाले आहे. फुटबॉल आणि बॉक्स क्रिकेट या दोन्हींसाठी ते वापरले जाते, त्याच्या भोवती चालण्याची वाट आहे, एका कोपऱ्यात खुली व्यायामशाळा आहे आणि पार्किंगच्या शेडवर सौर पॅनेल बसवलेले आहेत. ‘सूर्यावर चालणारे मैदान’ असा फलक प्रवेशद्वाराशी लावला आहे. या परीक्षणात मी टर्फचे नाव देत नाही. शहरात अशी टर्फ झपाट्याने वाढत आहेत आणि हे वाचून दुसऱ्याच एखाद्या ठिकाणी खेळायला जाणाऱ्यालाही तिथे काय तपासून पाहावे हे समजावे, एवढ्यासाठी नावापेक्षा रचनेचा विचार अधिक उपयोगी ठरेल.

प्रथम विजेविषयी लिहितो, कारण फलकावरचा दावा तिच्याविषयी आहे आणि असे दावे तपासल्याशिवाय मान्य करू नयेत असे माझे मत आहे. शेडवर प्रत्येकी ५५० वॅटचे १८ पॅनेल आहेत, म्हणजे एकूण क्षमता जवळजवळ १० किलोवॅट होते. आपल्या भागात एक किलोवॅट क्षमतेमागे वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट वीज मिळते असे धरतात, त्या हिशेबाने या शेडवरून दिवसाला ४० युनिटच्या आसपास वीज तयार व्हायला हवी. मैदानावर २०० वॅटचे ८ एलईडी फ्लडलाइट आहेत. ते सर्व पाच तास चालले तरी ८ युनिट खर्च होतात. कार्यालय, पाण्याचा पंप आणि उपाहारगृहातील फ्रिज जमेस धरला तरी निर्मिती खर्चापेक्षा बरीच जास्त राहते. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ दिवसेंदिवस झाकोळलेले असते आणि उत्पादन निम्म्याच्याही खाली येऊ शकते, परंतु तेव्हाही दिव्यांपुरती वीज सहज निघेल. तेव्हा वर्षभराच्या हिशेबाने पाहिले तर फलकावरचा दावा खरा आहे आणि त्याबद्दल चालकांचे कौतुक केले पाहिजे. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून साधारण १५ अंशांच्या उतारावर बसवले आहेत. कोल्हापूर १६.७ उत्तर अक्षांशावर असल्यामुळे हा उतार योग्य आहे, आणि शेडचा दक्षिणेकडील भाग उतरता ठेवल्याने पॅनेलसाठी वेगळा उंच सांगाडाही उभारावा लागलेला नाही. काम करणाऱ्याने विचार करून काम केले आहे, हे यावरून दिसते.

मात्र ‘सूर्यावर चालणारे’ या शब्दांचा अर्थ अनेक खेळाडू चुकीचा घेतात. फ्लडलाइट रात्री लागतात, पॅनेल दिवसा वीज तयार करतात, आणि या दोहोंमधली जुळणी नेट मीटरवर होते: दिवसाची जादा वीज महावितरणच्या जाळ्यात जाते, रात्री लागणारी वीज त्याच जाळ्यातून घेतली जाते आणि बिलात एकीतून दुसरी वजा होते. अशा व्यवस्थेतील इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारे यंत्र, जाळ्यातील वीज गेल्याबरोबर स्वतःही बंद होतो. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या माणसाला छतावरून येणाऱ्या विजेचा धक्का बसू नये, यासाठी तो मुद्दाम तसाच बनवलेला असतो. वळवाच्या पावसात एका संध्याकाळी सामना ऐन रंगात असताना वीज गेली आणि मैदान काळोखात बुडाले, तेव्हा ‘सोलर असताना दिवे गेले कसे?’ असा प्रश्न चारही बाजूंनी आला. त्याचे उत्तर हेच आहे. इथे फाटक, वाट आणि स्वच्छतागृहापुरते छोट्या बॅटरीवरचे दिवे आहेत आणि ते त्या संध्याकाळी तत्काळ लागले, त्यामुळे लहान मुले सुरक्षितपणे बाहेर येऊ शकली. संपूर्ण मैदानासाठी बॅटरी ठेवणे खर्चिक आहे हे मान्य आहे, तरी वीज गेल्यास उरलेल्या वेळेचे पैसे परत मिळणार की दुसऱ्या दिवशी तेवढा वेळ मिळणार, हे पावतीवर लिहिलेले असायला हवे. आज ते काउंटरवरच्या माणसाच्या मर्जीवर अवलंबून आहे.

पॅनेल धुण्याकडे येथे नियमित लक्ष दिले जाते, ही बाब मला विशेष महत्त्वाची वाटते. कोल्हापूरच्या आसपास गाळप हंगामात उसाच्या चिपाडाची काजळी हवेतून येऊन छपरांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तीच काजळी पॅनेलवर बसली की उत्पादन घटते, आणि हंगामाचे तेच महिने आभाळ निरभ्र असण्याचे, म्हणजे सर्वाधिक कमाईचेही असतात. येथे भल्या सकाळी, पॅनेल तापण्याआधी, पाण्याने पुसून घेतात. ते पाणी सध्या गटारात जाते. शेडच्या कडेला पन्हाळ बसवून ते, आणि पावसाचेही पाणी, टाकीत घेतले तर वाटेकडेची झाडे त्यावर जगतील.

आता मैदानाविषयी. खेळाचे क्षेत्र सुमारे ३० मीटर लांब आणि १८ मीटर रुंद आहे, त्यामुळे पाच-पाच जणांचा सामना मोकळेपणाने होतो आणि सात-सात जण उतरले की दाटी होते. प्रकाशाबाबत माझी काहीच तक्रार नाही. सरावासाठी साधारण ७५ लक्स (लक्स हे जागेवर पडणाऱ्या प्रकाशाचे माप) आणि स्थानिक सामन्यांसाठी २०० लक्स पुरेसे मानले जातात, आणि येथील दिव्यांची एकूण ताकद व मैदानाचा आकार यांचा हिशेब केला तर सरासरी २०० लक्सच्या जवळ पोहोचते. महत्त्वाचे म्हणजे दिवे उंचावर आणि खाली झुकवून लावले आहेत, त्यामुळे उंच चेंडू घेताना गोलरक्षकाचे डोळे दिपत नाहीत आणि शेजारच्या घरांच्या खिडक्यांवरही झोत पडत नाही. रात्री दहानंतर खेळ बंद होतो. वस्तीत टर्फ चालवायचे असेल तर हे दोन नियम पाळलेच पाहिजेत, आणि इथे ते पाळले जातात म्हणूनच शेजाऱ्यांचा विरोध झालेला नाही असे मला वाटते.

पृष्ठभागाबद्दल मात्र एवढे चांगले लिहिता येत नाही. कृत्रिम गवताच्या पात्यांमध्ये वाळू आणि जुन्या टायरांपासून केलेला रबराचा काळा भुगा भरलेला आहे. हा भुगा चेंडूला योग्य उसळी देतो आणि गुडघ्यांवरचा ताण कमी करतो, हे खरे आहे. पण तो सारखा इकडून तिकडे सरकतो, गोलपोस्टसमोर आणि कोपऱ्यांत थर पातळ होतो, आणि तिथे पाय घसरतो किंवा अडकतो. नियमित ब्रश फिरवून तो सारखा करावा लागतो, आणि येथे ते काम पुरेसे होत नाही. शिवाय प्रत्येक खेळाडू थोडा भुगा बुटांतून बाहेर नेतो आणि पावसाळ्यात तो पाण्याबरोबर गटारात, तिथून नाल्यात आणि नाल्यातून पंचगंगेत जातो. युरोपीय संघाने २०२३ मध्ये अशा भुग्याच्या विक्रीवर बंदीचा निर्णय घेतला आणि मैदानांना बदल करण्यासाठी २०३१ पर्यंतची मुदत दिली. आपल्याकडे नवे टर्फ घालणाऱ्यांनी नारळाच्या काथ्याचा किंवा बुचाचा पर्याय आत्ताच विचारात घ्यावा, आणि निदान बाहेर पडण्याच्या जागी बूट झटकायला जाळी व गटाराच्या तोंडाशी गाळणी तरी बसवावी. दोन्ही गोष्टींना फारसा खर्च येत नाही.

दुसरी अडचण उन्हाची आहे आणि ती या परीक्षणातील माझ्या मुख्य मताशी जोडलेली आहे. नैसर्गिक गवत पानांतून पाण्याची वाफ सोडून स्वतःला थंड राखते, कृत्रिम गवताला ते साधत नाही. हवेचे तापमान ३५ अंश असताना त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत इथे मुलांना खेळवू नये असे मी स्पष्टपणे सांगेन. सुट्टीतील शिबिरे मात्र याच वेळांत ठेवली जातात, कारण तेव्हा मैदान रिकामे असते. आडवे पडून चेंडू अडवणाऱ्या मुलाच्या मांडीला तापलेल्या प्लास्टिकचा चटका बसतो, आणि पाणी शिंपडून मिळणारा थंडावा अर्ध्या तासातच संपतो.

याच आवारात, मैदानापासून पंधरा पावलांवर, सर्वांत गार सावली आहे ती मोटारसायकलींना. अठरा पॅनेलखाली सुमारे ४६ चौरस मीटर सावली मिळते आणि त्या सावलीत वीसेक दुचाकी उभ्या राहतात. मुलांना सोडायला आलेले पालक, आपल्या पाळीची वाट पाहणारे संघ आणि व्यायामाला आलेले ज्येष्ठ नागरिक उन्हात उभे असतात. संपूर्ण मैदानावर सौर छत घाला असे मी म्हणणार नाही. त्यासाठी दोनशेच्या वर पॅनेल आणि नऊ-दहा मीटर उंचीचा मजबूत लोखंडी सांगाडा लागेल, वाऱ्याचा भार वेगळाच, आणि ती रक्कम अशा छोट्या व्यवसायाला झेपणारी नाही. पण व्यायामशाळेचा कोपरा आणि त्याला लागून असलेली बसण्याची जागा मिळून जवळपास तेवढ्याच क्षेत्रफळाची आहे. हेच पॅनेल, याच उताराने, त्या कोपऱ्यावर उभारले असते तर वीज तेवढीच मिळाली असती, खर्चात थोड्या उंच खांबांपुरताच फरक पडला असता आणि सावली माणसांना मिळाली असती. पावसाळ्याचा विचार केला तर याचे महत्त्व आणखी वाढते. कोल्हापुरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस पडतो, बागांतील ओपन जिम त्या काळात ओस पडतात, उपकरणांचे बेअरिंग गंजतात, आणि चार महिन्यांत मोडलेली व्यायामाची सवय पुन्हा जुळायला दिवाळी उजाडते. छपराखाली हाच कोपरा बारा महिने वापरात राहिला असता.

चेंडू लागून पॅनेल फुटतील अशी भीती चालकांना वाटत असावी. पॅनेलवरची काच कडक केलेली असते आणि प्रमाणित पॅनेलची चाचणी घेताना २५ मिलिमीटर व्यासाचा बर्फाचा गोळा सेकंदाला २३ मीटर वेगाने तिच्यावर मारतात. फुटबॉल लागून काच सहसा फुटणार नाही, पण आतल्या, वीज तयार करणाऱ्या पातळ सेलना डोळ्यांना न दिसणारे तडे जाऊन उत्पादन घटू शकते, आणि बॉक्स क्रिकेटचा जड टेनिस चेंडू तर उंचच जातो. त्यामुळे मैदान आणि छत यांच्यामध्ये जाळी लागेलच. ती इथे आधीपासून आहे, फक्त थोडी वर न्यावी लागेल.

व्यायामशाळेतील उपकरणे शहरातील बहुतेक बागांत दिसतात तीच आहेत: चालण्यासारखे पाय हलवण्याचे एअर वॉकर, कंबर फिरवण्याची तबकडी, खांद्यासाठी चाक, बसून ढकलण्याचे चेस्ट प्रेस, पायाने ढकलण्याचे लेग प्रेस आणि एक उंच आडवा बार. उपकरणांचे जोड घट्ट आहेत, रंग टिकून आहे आणि खाली रबरी लाद्या आहेत. ज्येष्ठांचे सांधे मोकळे करायला एवढे पुरते. परंतु जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम श्रमाबरोबरच किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायामही सांगते, आणि तो इथे नीट होत नाही. एअर वॉकरवर पाय झोक्याने हलतात, स्नायूंना फारसे काम पडत नाही. चेस्ट प्रेसमध्ये स्वतःच्या वजनाचा ठरावीक हिस्सा उचलला जातो, तो वाढवता किंवा कमी करता येत नाही, त्यामुळे नवशिक्याला ते जड जाते आणि महिनाभर व्यायाम केलेल्याला हलके. ज्या शहरातील पेठापेठांत तालमी आहेत, जिथे जोर-बैठकांची संख्या हळूहळू वाढवत पोरांची शरीरे घडली, त्या शहराला ताकद कशी वाढते हे यंत्र विकणाऱ्याकडून शिकायची गरज नाही. तबकडी आणि चाक यांच्या खर्चात तीन वेगवेगळ्या उंचीचे बार, समांतर दांड्यांची एक जोडी, चढायचा दोर आणि जोर मारण्यासाठी लाकडी हत्ते आले असते. सर्वांत खालचा बार शाळकरी मुलींच्या हाती येईल एवढ्या उंचीवर हवा, कारण आता आहे तो बार उडी मारूनही त्यांना गाठता येत नाही.

उपकरणे एकाच कोपऱ्यात दाटीने मांडल्याने संध्याकाळी रांग लागते, आणि भोवतालच्या वाटेवर चालणाऱ्यांचा त्यांच्याशी काही संबंध उरत नाही. चालण्याच्या वाटेवर ठरावीक अंतराने थांबे ठेवून प्रत्येक थांब्यावर एकेक व्यायाम करायचा, ही रचना १९६८ मध्ये झुरिकच्या जंगलवाटेवर झाली आणि तिथून अनेक देशांत गेली. या टर्फची वाट छोटी आहे, तरी चार कोपऱ्यांवर चार थांबे सहज बसतील. छताखाली जड व्यायाम आणि वाटेवर हलका, अशी विभागणी केली तर गर्दीही कमी होईल.

कोपऱ्यात वीज तयार करणाऱ्या दोन सायकली ठेवल्या आहेत आणि लहान मुले आल्याबरोबर तिकडेच धावतात. पायडल मारले की समोरची दिव्यांची पट्टी उजळते आणि मोबाइल चार्ज करण्याची सोयही आहे. या सायकलींच्या फलकावर ‘तुमच्या घामावर मैदान उजळवा’ असे लिहिले आहे आणि ते काढून टाकावे असे मी सुचवतो. सर्वसाधारण प्रकृतीचा माणूस सलग तासभर ७५ ते १०० वॅट एवढीच शक्ती देऊ शकतो, म्हणजे तासाभराच्या दमछाकीतून फार तर एक दशांश युनिट वीज मिळते. एका २०० वॅटच्या फ्लडलाइटला अर्धा तास पेटवायला दोन सायकलींवर अर्धा तास जोर लावावा लागेल. असे असले तरी या सायकली निरुपयोगी नाहीत, उलट आवारातील त्या सर्वांत शिकवण्याजोग्या वस्तू आहेत. मोबाइल पूर्ण चार्ज होईल एवढ्या विजेसाठी पंधरा-वीस मिनिटे पायडल मारावे लागते हे एकदा पायांना कळले की एक युनिट म्हणजे किती, हे मुलाला वेगळे समजवावे लागत नाही. फलकावर घोषणेऐवजी हा हिशेब लिहावा, आणि शेजारी शेडवरच्या पॅनेलनी आज किती युनिट दिले ते दाखवणारा आकडा लावावा.

प्रेक्षकांच्या सोयीचा विचार या आवारात झालेलाच नाही, आणि कोल्हापुरात ही उणीव जास्त जाणवते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोममधील जुने खुले रंगमैदान पाहिले आणि पुढे खासबागेत कुस्तीचे मैदान उभारले. ते १९१२ मध्ये पूर्ण झाले. हौद्यापासून वर चढत जाणारा उतार असा आखला आहे की शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसते. खेळाच्या जागेत पाहणाऱ्याचीही जागा आखायची असते ही समज शंभर वर्षांपूर्वी या शहरात होती. शाहू स्टेडियमवर तालीम संघांच्या फुटबॉल सामन्याला जमणारी गर्दी पाहिलेल्या माणसाला इथे जाळीला नाक लावून उभे राहावे लागते. पश्चिमेकडे पाठ करून तीन पायऱ्यांचा कट्टा बांधला तर संध्याकाळचे ऊन डोळ्यांवर येणार नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा, आणि त्यानंतरच्या पिढीतील मुलांचे पालक आता सरावालाही येऊन बसतात. त्यांच्यासाठी बसायला काही हवे.

इतर सोयींविषयी थोडक्यात लिहितो. मुलींसाठी कपडे बदलण्याची स्वतंत्र, आतून कडी असलेली आणि स्वच्छ खोली आहे, त्यामुळे मुलींचे दोन संघ इथे नियमित सरावाला येतात. प्रथमोपचाराची पेटी काउंटरवर आहे, पण बर्फ नसतो. फ्रिज आहे, तेव्हा तो ठेवायला हरकत नसावी. उपाहारगृहात शीतपेयेच अधिक आहेत. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पिऊन व्यायामाला सुरुवात किंवा शेवट करणाऱ्या गावात निदान दूध, ताक आणि केळी मिळायला हवीत. भाडे सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त आहे. दहा जणांत वाटले तर संध्याकाळीही माणशी शंभर रुपयांच्या आसपास पडते आणि ते वाजवी आहे. वाट आणि व्यायामशाळा सकाळी नऊपर्यंत सर्वांना विनामूल्य खुली आहे, याचा लाभ आसपासच्या ज्येष्ठ नागरिकांनी जरूर घ्यावा.

खेळायला जाणाऱ्यांनी बारीक रबरी खुंट्यांचे टर्फ बूट वापरावेत. लांब स्टडचे बूट पृष्ठभागात अडकून गुडघा पिरगळतो, आणि धातूचे स्टड इथे चालत नाहीत. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आतला किंवा संध्याकाळी सातनंतरचा स्लॉट घ्यावा. पावसाळ्यात कोणताही स्लॉट चालेल, कारण पाण्याचा निचरा उत्तम आहे आणि जोरदार सरीनंतरही थोड्याच वेळात खेळता येते. चालक पुढील टप्प्यात आणखी काही पॅनेल बसवणार असल्याचे काउंटरवर सांगितले जाते. त्यांची जागा अजून ठरलेली नाही असे समजले, म्हणून नियमित येणाऱ्या प्रत्येकाने ते व्यायामशाळेवर बसवण्याची सूचना तिथल्या वहीत लिहून ठेवावी. मी लिहिली आहे.